मदत हवी आहे: आंब्याखालची जायंट लिली सडतेय

गोदाकाठ: नाशिकला गंगापूर रोडच्या पुढे मळा आहे. आंबा-जांभळाखाली गच्च सावली, म्हणून ऑनलाइन जायंट लिलीचे कंद मागवले. फोटोत दहा फुटी दांडा, पांढरे कर्णे. पहिल्या पावसात लावले, आता पानं बुडाशी पिचपिचीत होऊन आडवी पडताहेत. विकणारा फोन उचलत नाही. लवकर सांगा.

मातीवाला: कुठली जायंट लिली? कंद किती खोल? पाणी साचतं का?

सुमाताई: शेणखतात ट्रायकोडर्मा, म्हणजे सड रोखणारी मित्रबुरशी, मिसळून घाला. माझी डाळिंबं त्यानेच वाचली.

गोदाकाठ: ताई, डाळिंब नाही हो, लिली! जायंट म्हणजे जायंट. वीतभर खोल, आपली काळी माती.

कमळवेडा: व्हिक्टोरियाला, म्हणजे तळ्यातल्या जायंट लिलीला, सावली चालत नाही, पूर्ण ऊन हवं. पानाला खालून काटे असतात, हातमोजे घाला.

मातीवाला: अहो, पाण्यातली नाहीये ती! गोदाकाठ, फोटो हिमालयातल्या कार्डिओक्रायनमचा असणार. ती थंड, दमट जंगलात वाढते. कंदाचं टोक मातीच्या वरच ठेवतात. बियांपासून फूल यायला 5 ते 7 वर्षं, आणि फुलला की तो कंद मरतो, बाजूची पिल्लं तेवढी उरतात. नाशिकच्या उन्हाळ्यात तिचा निभाव लागणं कठीण.

निफाडकर: नाशिकला थंडी नाही म्हणता? आमच्याकडे दव गोठतं, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो!

मातीवाला: आणि मे महिन्यात काय पेटवता? गोदाकाठ, पान बदामाच्या आकाराचं आहे की लांब पट्टा?

गोदाकाठ: पट्टा. हातभर लांब.

मातीवाला: मग ती हिमालयातली नाहीच. नागदवणा वाटतोय, म्हणजे क्रायनम. कंद उकरा, मऊ पडलेले थर सोलून टाका, सावलीत सुकू द्या. उंच वाफा करून मान बाहेर राहील असा लावा. गच्च सावलीत नुसती पानं माजतील, फुलं हवीत तर आंब्याच्या कडेला, सकाळचं ऊन येतं तिथे.

सुमाताई: पानं चिरून बघा. काळी, पांढऱ्या ठिपक्यांची अळी आतून पोखरत कंदापर्यंत जाते. वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

गोदाकाठ: आहेत की अळ्या! चार पानांत सापडल्या. आधी का नाही सांगितलंत?

सुमाताई: तुम्ही बोलू कुठे दिलंत? ट्रायकोडर्मा पण घालाच.

मातीवाला: त्याने अळी मरत नाही, ताई.

कमळवेडा: तळं करायचं ठरलं तर कळवा.