सगळी कामं ईपीसीवर दिली की वाद मिटतात?

धागाकर्ता: काल इथं एकांनी लिहिलं, 'बी-१ निविदा (खात्याच्या दरांवर टक्क्यांत कमी-जास्त बोलीची) बंद करा, सगळं ईपीसीवर (डिझाइन, खरेदी, बांधकाम एकाच ठेकेदाराकडे) द्या, ठेकेदार-खात्याचे वाद आपोआप मिटतील.' राहवलं नाही. बी-१ मध्ये निदान आयटम आणि दर लिहिलेले असतात, परिमाण २५ टक्क्यांवर वाढलं तर वाढीव कामाचा दर ठरवायला कलम ३८ आहे. ईपीसीत रक्कम ठोक, डिझाइन ठेकेदाराचं. पुलाचा पाया दोन मीटर खाली गेला की बोंब कुणाच्या नावानं?

निवृत्त उपअभियंता: बोंब ठेकेदाराच्या नावानं, करारच तसा आहे. बी-१ मध्ये ट्रायल पिट (चाचणी खड्डा) न घेता अंदाजपत्रक होतं आणि मग खोदाईचा दर मुरमाचा की खडकाचा यावर सहा महिने जातात.

छोटा ठेकेदार: खडकाचं मला सांगा! कोकणातली संरक्षक भिंत. दीड मीटरखाली काळा पाषाण, ब्लास्टिंगला परवानगी नाही. ब्रेकर लावला, दोन छिन्न्या मोडल्या. टेप धरून फोटो काढले. एमबीत (मोजमाप पुस्तकात) चढलं काय? 'कठीण मुरूम'.

निवृत्त उपअभियंता: मग एमबीवर मुकाट सही का केलीत? हरकत तिथंच लिहायची असते. १८ टक्के बिलो (अंदाजपत्रकापेक्षा कमी) भरायचं आणि खडकातून वसूल करायचं, हे मी खूप पाहिलंय.

छोटा ठेकेदार: मी ४ टक्के बिलो होतो! शनिवारी मजुरांचा पगार होता. सही केली नसती तर रनिंग बिल (चालू कामाचं) निघालं असतं? तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला होतात, साहेब.

निवृत्त उपअभियंता: पगाराची अडचण खरी आहे, मान्य. पण खडक उघडा असताना डेप्युटीला (उपअभियंत्याला) साइटवर बोलवायला हवं होतं.

छोटा ठेकेदार: तीन पत्रं दिली. पायाच्या खड्ड्यात पाणी भरल्यावर आले.

धागाकर्ता: खडकाचं हे भांडण ईपीसीत बहुधा होत नाही, एवढं मानतो. पण जागेचं? महामार्गाच्या ईपीसी करारात ९० टक्के लांबीची जागा सरकारनं आधी द्यायची. उरलेल्या १० टक्क्यांतच पूल आला की यंत्रं उभी आणि मुदतवाढीचे दावे सुरू. त्यात जून २०२४ पासून केंद्राचं धोरण असं की लवादाचं कलम साधारण १० कोटींखालच्या वादांपुरतंच. मोठा दावा असेल तर मध्यस्थी, नाहीतर कोर्ट.

छोटा ठेकेदार: आमचे दावे लाखांतले. त्यासाठी वकील कुठून आणू? आधी त्या एमबीतला 'मुरूम' खोडून द्या.