अनुभव धागा: अभयारण्यातला रस्ता आणि आपली सायकल

मोटारीचा आवाज बराच आधी पोचतो. थांबायचं की बाजूला व्हायचं, हे जनावरांना निवांत ठरवता येतं. सायकल मात्र काही न सांगता थेट समोर उगवते. अभयारण्यातून जाणाऱ्या एका डांबरी रस्त्यावर मी सहा वर्षं रोड बाइक, म्हणजे बारीक टायरची वेगवान सायकल, चालवतोय आणि हा गुपचूपपणा तिथल्या जिवांना बरा की वाईट, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. म्हणून हा धागा काढतोय. अभयारण्यात किंवा त्याच्या आसपासच्या शेतशिवारात सायकल चालवली असेल, तर काय पाहिलंत आणि काय चुकलं ते लिहा. किती किलोमीटर, किती वेळात, हे नाही लिहिलंत तरी चालेल.

सुरुवात मीच करतो. सकाळची वेळ होती, हलका उतार होता आणि डाव्या हाताच्या गवतात हरणांचा कळप चरत होता. मी पॅडल मारत होतो तोवर एकानंही मान वर केली नाही. मग उतार आहेच, म्हणून पाय थांबवले आणि मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) टिकटिक सुरू झाली. सगळ्या माना एकदम वर. सर्वात पुढच्या मादीनं पुढचा पाय जमिनीवर आपटला, एकदा, परत एकदा, आणि कळप झाडीत गेला. ती टिकटिक माझ्या कानाला कधी जाणवतही नव्हती. तेव्हापासून गवताळ भागात उतार असला तरी मी पाय हलकेच फिरवत ठेवतो. चेनवर ताण राहिला की हब बोलत नाही.

*

भरतपूरला केवलादेव राष्ट्रीय उद्यानात दोनदा गेले आहे, दोन्ही वेळा सायकलनं. उद्यान जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं आहे, मधून सरळ डांबरी रस्ता आणि दोन्ही बाजूंना पाणथळीतले बांध. मी गेले तेव्हा सायकल किंवा सायकल रिक्षा हीच तिथे फिरायची खरी साधनं होती. रिक्षा चालवणाऱ्यांना पक्षी इतके अचूक ओळखता येतात की मी अर्धा दिवस एकांच्या मागेमागेच सायकल चालवली आणि त्यांनी थांबून मला दाखवलंही.

पावसाळा संपता संपता गेलात तर पाण्यात उभ्या बाभळींवर चित्रबलाकांची घरटी असतात. एकेका झाडावर इतकी, की फांद्या वाकतात. पिल्लांचा गलका रस्त्यापर्यंत येतो. मोटारीत बसून हा आवाज ऐकूच आला नसता. सायकलवर तो आधी कानावर पडतो आणि झाड नंतर दिसतं. पूर्वी इथे सायबेरियन क्रौंच हिवाळ्याला यायचे. २००२ नंतर ते आलेले नाहीत. एका बांधावर सायकल टेकवून रिकाम्या पाण्याकडे बघताना ते माहीत असणं फार जड गेलं.

तांत्रिक एवढंच: बांधावरची वाट कच्ची आहे, बारीक टायरची रोड बाइक तिथे नेऊ नका. मी भाड्याची साधी सायकल घेतली होती, तीच बरोबर होती.

*

हब शांत ठेवायचा मुद्दा मला पटतो, पण मोकळ्या जागेपुरता. माझा अनुभव वळणावरचा आहे.

लांब उतार, दोन्ही बाजूंना झाडी आणि शेवटी उजवं वळण. मी वाकून, हात खालच्या हँडलवर ठेवून येत होतो. वळण घेतलं तर रस्त्याच्या मधोमध रानडुकराची मादी आणि तिच्यामागे पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक घसरलं, कडेच्या बारीक खडीवर आडवा झालो आणि घासत गेलो. मादी माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. आमच्यात एका सायकलीएवढं अंतर होतं. तिचं फुरफुरणं अजून आठवतं. पिल्लं पलीकडे गेल्यावर तीही गेली. ती माझ्यावर आली असती तरी मी तिला दोष दिला नसता.

नंतर हिशेब केला. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. मेंदूला कळून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद धरला, तर दहा मीटर ब्रेक न लावताच गेले. त्या वळणावर मला पुढचं दिसत होतं जेमतेम पंधरा मीटर.

२०१६ मध्ये अमेरिकेत ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळच्या पायवाटेवर एक सायकलस्वार थेट ग्रिझली अस्वलावर आदळला आणि अस्वलाच्या हल्ल्यात मरण पावला. चौकशी अहवालात त्याचा वेग ताशी ३२ ते ४० किलोमीटरच्या दरम्यान असावा आणि अस्वल दिसल्यावर त्याच्या हातात एक-दोन सेकंदच होते, असं म्हटलं आहे. ते वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. आता झाडीतल्या आंधळ्या वळणाआधी मी मुद्दाम पॅडल थांबवतो. हबची टिकटिक पुढे जाऊ देतो, वेग ताशी पंधरा किलोमीटरवर आणतो, कधी खाकरतो. घंटी मात्र वाजवत नाही, ती मला फारच बोचरी वाटते.

*

अभयारण्याच्या हद्दीबाहेर माळाचा पट्टा आहे, तिथली गोष्ट. पाणी प्यायला रस्त्याच्या कडेला उतरले आणि दोन टिटव्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागल्या. एक तर अगदी हेल्मेटपर्यंत खाली येऊन वर जायची. ह्या पक्ष्यांना माणसाचा एवढा काय राग, असं वाटून मी दुर्लक्ष केलं आणि सायकल आडवी टाकायला जागा शोधू लागले.

चाक जिथे टेकणार होतं तिथे खडीत चार अंडी होती. करड्या-मातकट रंगावर काळे डाग, खडीचे गोल तुकडेच वाटावेत अशी. टोकं आत वळवून नीट मांडलेली. घरटं म्हणावं असं काही नाही, जमिनीत नुसता खळगा. माझ्या बुटापासून वीतभर अंतर असेल. सायकल तशीच उचलली आणि मागे आल्या पावलांनीच डांबरावर परत गेले. शंभरेक मीटर पुढे गेल्यावर ओरडा थांबला.

आता थांबायचं झालं तर मी मोरीवर किंवा डांबराच्या कडेलाच थांबते, खडीत पाय ठेवत नाही. आणि एखादा पक्षी एवढ्या जिवाच्या आकांतानं सांगत असेल तर आधी खाली बघते.

*

नेदरलँड्समधल्या होगे वेलुवे राष्ट्रीय उद्यानात पांढऱ्या सायकली ठेवलेल्या असतात, सुमारे १,८०० आणि वापरायला फुकट. दारातून घ्यायची, हवी तिथे सोडायची, परत निघताना तिथे असेल ती घ्यायची. हँडलला ब्रेकच नाही. पॅडल मागे दाबलं की सायकल थांबते, आणि माझी बोटं पहिला तासभर हवेतच ब्रेक शोधत होती. त्या जड, सरळ बसायच्या सायकलीवर वेग येतच नाही. तांबड्या हरणांचा माजाचा काळ होता. नराची घोगरी आरोळी ऐकून मी थांबलो, आणखी तीन-चार अनोळखी माणसं थांबली, कुणी काही बोललं नाही. माझ्या रोड बाइकवर मी तिथून केव्हाच निघून गेलो असतो.

*

शेतशिवारातून जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. बाभळीचा काटा. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट फिरवल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. काटा बाहेरून तुटतो, टोक आत राहतं आणि दहा मिनिटांत दुसरं पंक्चर होतं. बोट हळू फिरवा, नाहीतर काटा बोटात. आणि २५ मिलिमीटर रुंदीचे टायर दगडासारखे कडक करून खराब रस्त्यावर नेऊ नका. मी २८ चे टायर घालून हवा कमी ठेवायला लागलो तेव्हापासून हातांना मुंग्या येणं बंद झालं.

*

जंगलापेक्षा मला बाहेरच्या वस्तीतली कुत्री जास्त भोवली आहेत. जोरात पळवून सुटायचा प्रयत्न केला की ती आणखी चेकाळतात. उतरायचं, सायकल मधे धरायची, चालत राहायचं. दर वेळी उपयोग झाला आहे.

ऑस्ट्रेलियात राहायला आल्यावर हेच मॅगपाय पक्ष्यांच्या बाबतीत करावं लागलं. वसंतात घरट्याजवळून गेलं की नर मागून येऊन हेल्मेटवर चोच मारतो. काही सायकलस्वार हेल्मेटला प्लास्टिकच्या पट्ट्या काट्यांसारख्या उभ्या लावतात. मला त्यापेक्षा उतरून चालणंच लागू पडलं. हे पक्षी माणसांचे चेहरे लक्षात ठेवतात. म्हणून एका झाडाखालून मी आठवडाभर रोज चालतच गेले. पुढच्या आठवड्यात तो वरून नुसता बघत बसला.

*

संध्याकाळी परतणाऱ्यांना कळकळीची विनंती. दिवसभर तापलेलं डांबर सूर्य मावळल्यावरही ऊब धरून असतं आणि साप त्यावर येऊन पडतात. पट्ट्यापट्ट्यांचं डांबर, त्यात खड्डे बुजवलेल्या भेगा, त्यामुळे वीस मीटरवरून ती भेग आहे की साप, कळत नाही. मला एकदा कळलं नाही.

तो लहान होता, बिनविषारी होता, आणि माझ्या पुढच्या चाकाखाली गेला. मागे वळून थांबलो. शेपटाकडचा भाग हलत होता. मी काठीनं त्याला गवतात केलं, पण तो जगला नसणार. ह्याला चार वर्षं झाली. आता अंधार पडण्याआधी तासभर मी अभयारण्याच्या फाटकाबाहेर असतो, आणि उशीर झालाच तर दिवा रस्त्यावर, पुढच्या चाकाच्या जरा पुढे पडेल असा खाली वळवतो आणि चालण्याच्या वेगानं येतो. पहिल्या पावसानंतरच्या रात्री बेडकांमुळे तर सायकल काढतच नाही.

*

धागाकर्ता परत आलोय. सगळं दोनदा वाचलं. सापाबद्दल लिहिणाऱ्या दादांचे आभार, ते लिहिणं सोपं नव्हतं.

रविवारी त्याच रस्त्यावर गेलो होतो. झाडीतल्या वळणाआधी पॅडल थांबवलं, टिकटिक होऊ दिली आणि वेग उतरवला. वळणापलीकडे रस्ता रिकामा होता, फक्त उजवीकडच्या झुडपाची एक फांदी हलत होती. कोण होतं ते दिसलं नाही. पुढे गवताळ भाग लागल्यावर पाय परत फिरवायला लागलो. कळप होता, बहुतेक तोच. दुसऱ्या टोकापर्यंत पोचलो तोवर एक पाडस तेवढं मान उचलून माझ्याकडे बघत होतं, बाकीची चरत होती.