व्हॅनिलाचा गोड सेंट: खमराह की एक्लेअर? सोलापूरच्या उन्हात काय चालेल?

ओढणी_सोलापूर: लताफा कंपनीचे दोन सेंट मनात आहेत. खमराह (खजूर, दालचिनी, खाली व्हॅनिला) आणि एक्लेअर (दूध, कॅरॅमल, मध, व्हॅनिला). एक थंडीला, एक उन्हाळ्याला असा विचार होता, पण बजेट तीन हजार, म्हणजे सध्या एकच. शाळेत शिकवते, स्कूटीवर जाते. आधी कुठला घेऊ?

नवीपेठकर: खमराह, डोळे झाकून. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत लावला होता. होम मैदानावर धुळीत तीन तास फिरलो, दुसऱ्या दिवशीसुद्धा स्वेटरला वास.

जुनी_कुपी: व्हॅनिलाच पाहिजे तर गेर्लां या फ्रेंच कंपनीचं शालिमार घ्या. 1925 पासून चालू आहे. माझी बाटली सहा वर्षं पुरली.

नवीपेठकर: ताई तीन हजार म्हणाल्यात ओ.

जुनी_कुपी: दोन महिने थांबायचं की मग. रोज अंगाला लावायची वस्तू आहे.

शेंगाचटणी: मे महिन्यात पारा 43 वर जातो, त्यात गोड सेंट लावू नका. मी चार फवारे मारून लग्नाला निघाले होते. रिक्षात शेजारच्या मावशींनी नाकाला पदर लावला आणि कार्यालयात पोचेपर्यंत माझंच डोकं धरलं. उन्हाळ्यात खस नाहीतर मोगरा. विजापूर वेशीत अत्तर बघा.

रसायन_बीएस्सी: व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाला वास देणारं रसायन, सावकाश उडतं, म्हणून वास टिकतो. उन्हात मात्र सगळंच भराभर उडतं आणि गोडवा एकदम अंगावर येतो. उन्हाळ्यात एकच फवारा, तोही संध्याकाळी. दुकानातल्या कागदी पट्टीवर ठरवू नका, मनगटावर मारून दोन तास थांबा. पांढऱ्या कपड्यावर नकोच, व्हॅनिलिन पुढे तपकिरी पडतं.

टॉवेलवाला: डागाचं शंभर टक्के खरं! माझ्या पांढऱ्या कुर्त्याच्या कॉलरला चहा सांडल्यासारखा डाग पडलाय. दोनदा भिजवला, निघत नाही. दुकानदार म्हणतो, तुम्ही जवळून मारला असेल.

शेंगाचटणी: आणि मनगटं एकमेकांवर घासू नका, वास मोडतो.

रसायन_बीएस्सी: मोडत नाही. घासून ऊब येते, वरचा वास जरा लवकर उडतो, एवढंच.

शेंगाचटणी: आमच्या अत्तरवाल्यांनी सांगितलंय, तीस वर्षं धंद्यात आहेत ते.

कडकभाकरी: खमराहच घ्या. थंडीत भारी, वर सांगितलंय तसं.

टॉवेलवाला: सोलापुरात थंडी असते किती दिवस? संक्रांत झाली की पंखा लागतो.

ओढणी_सोलापूर: सगळ्यांचे आभार. काल दुकानात एका मनगटावर खमराह, दुसऱ्यावर एक्लेअर मारून घेतला आणि सिद्धेश्वर तलावाला चक्कर मारून आले. खमराह छानच आहे, पण स्कूटीवर हेल्मेटमध्ये दालचिनी नाकात भरली. दोन तासांनी एक्लेअरचा वास आईच्या बासुंदीसारखा आला, दूध आटून कडेला साय धरते ना, तसा. एक्लेअर घेतला. शाळेत नाही लावणार, संध्याकाळी एक फवारा, गडद ओढणीवर. खमराह दिवाळीला बघू.

नवीपेठकर: दिवाळीला नक्की घ्या. पुढच्या गड्ड्याला लागेलच.