खासदारांनी मच्छीमारांचा प्रश्न संसदेत मांडावा यासाठी निवेदन कसं द्यावं?

रापणकर_सिंधुदुर्ग
अधिवेशनापूर्वी आमची मच्छीमार सोसायटी खासदारांना निवेदन देणार आहे. मसुद्यात अकरा मागण्या आहेत: एलईडी मासेमारी (प्रखर दिव्यांनी मासे ओढून पकडणं), परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर, डिझेल परतावा, खलाशांचा विमा, येऊ घातलेल्या प्रकल्पात स्थानिकांना नोकऱ्या वगैरे. यातलं संसदेत काय चालतं, आणि कागद कसा करायचा?

दर्याराजा
अकरा मागण्या एका कागदावर नकोत. एका प्रश्नात एकच विषय बसतो, बाकीचं फायलीत जातं.

आधी कुठली मागणी राज्याची, कुठली केंद्राची ते ठरवा. राज्यघटनेत मासेमारी राज्यसूचीत आहे (नोंद २१). प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी संघसूचीत (नोंद ५७). ही हद्द १२ सागरी मैलांची, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. आणि ती पुळणीपासून नव्हे, आधाररेषेपासून, म्हणजे किनाऱ्यालगत सरकारने ठरवलेल्या रेषेपासून मोजतात. डिझेल परतावा, पर्ससीनचे (मोठ्या घेराच्या जाळ्यांचे) परवाने, हद्दीच्या आतली गस्त हे लोकसभेत विचारलं तर 'राज्याचा विषय' म्हणून प्रश्न दाखलच होणार नाही, किंवा एका ओळीत निकालात निघेल. ते आमदारांकडे द्या, तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधीसाठी. १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम आणि त्यातली २०२१ ची दुरुस्ती विधिमंडळाच्या अखत्यारीतली आहे.

एलईडी मात्र संसदेत ठणकावून विचारता येतं. केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे १२ ते २०० मैलांच्या पट्ट्यात, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली आहे. बंदी तुमची, तर अंमलबजावणीचा हिशेब द्या, असं थेट विचारायचं. विमाही चालेल, कारण मत्स्यसंपदा योजनेतला गट अपघात विमा केंद्राचा आहे: मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, रुग्णालयाच्या खर्चाला २५ हजारांपर्यंत. किती दावे आले, किती मंजूर झाले, किती पडून आहेत, ते जिल्हानिहाय मागा.

अधिवेशन_वाचक
मार्ग तीन. लोकसभेत शून्य प्रहरासाठी (तातडीचे मुद्दे मांडायची वेळ) खासदारांनी त्याच दिवशी सकाळी १० पर्यंत सूचना द्यायची. बातमी होते, पण मंत्र्यांवर उत्तराचं बंधन नसतं. नियम ३७७ खाली साधारण २५० शब्दांचा मजकूर मांडता येतो, त्याला मंत्रालयाचं लेखी उत्तर नंतर येतं. माझ्या मते तुम्हाला हवा तो अतारांकित प्रश्न. त्यात भाषण नसतं, पण आकडे लेखी मिळतात. उत्तराच्या तारखेआधी किमान १५ पूर्ण दिवस सूचना द्यावी लागते आणि प्रश्न १५० शब्दांत बसवावा लागतो. पुढे सोडत असते. म्हणून एकाच खासदारावर विसंबू नका. पालघर आणि रायगडच्या खासदारांनाही तोच मसुदा द्या. एकाच विषयावर अनेकांचे प्रश्न आले तर नावं एकत्र जोडतात.

मसुदा असा काही:
'(अ) १०.११.२०१७ च्या आदेशानंतर महाराष्ट्रासमोरील अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी वापरणाऱ्या किती नौकांवर कारवाई झाली, वर्षनिहाय. (आ) त्यांपैकी कोणत्या राज्यात नोंदलेल्या किती. (इ) किती जनरेटर व दिवे जप्त झाले. (ई) गस्तीबाबत तटरक्षक दल व राज्य शासन यांच्यात कोणती व्यवस्था आहे.'

'सरकारला याची जाणीव आहे काय' असं विचारू नका. 'होय' म्हणून मोकळे होतात. आणि 'संगनमत', 'लूट' असे आरोपाचे शब्द घातले की प्रश्न तिथेच अडतो.

तांडेल_४२वाव
एलईडीसाठी पुराव्याचा तक्ता जोडा, नाहीतर खासदार बोलतील कशाच्या जोरावर? तारीख, वेळ, जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश, दिसला तर नौकेचा नोंदणी क्रमांक. महाराष्ट्राची नौका 'आयएनडी-एमएच'ने सुरू होते, गुजरातची 'जीजे', कर्नाटकची 'केए'. रात्री क्षितिजावर पांढरा उजेड दिसला एवढं पुरत नाही. उजेड लांबून दिसतो, आणि नौका १२ मैलांच्या आत की बाहेर यावरच जबाबदारी ठरते. अक्षांश-रेखांश नसतील तर दोन्ही यंत्रणा एकमेकांकडे बोट दाखवतात. मोबाइलच्या फोटोत लोकेशन चालू ठेवा. पंधरा-वीस नोंदी पुरतात, पण त्या खऱ्या आणि पूर्ण हव्यात.

लोटे_कामगार
नोकऱ्यांची मागणी वेगळ्या कागदावर घ्या. राज्याच्या धोरणाप्रमाणे उद्योगांनी पर्यवेक्षक श्रेणीत ५० टक्के आणि इतर श्रेणींत ८० टक्के स्थानिक घ्यायचे असतात. पण त्यातला 'स्थानिक' म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी, तुमच्या तालुक्यातला नव्हे. नुसतं 'स्थानिकांना प्राधान्य' लिहिलंत तर कंपनी आकडा पूर्ण दाखवेल आणि गावातली पोरं गेटबाहेरच राहतील. बाधित गावांची नावं लिहा, कंत्राटदाराकडच्या कामगारांची गावनिहाय यादी मागा, भरतीआधी प्रशिक्षणाच्या किती जागा ते विचारा. प्रकल्प केंद्राचा असेल तरच हे खासदारांमार्फत लोकसभेत. खासगी असेल तर आमदार आणि जिल्हाधिकारी.

अधिवेशन_वाचक
एक महत्त्वाचं राहिलं. उत्तर आल्यावर ते शब्दन् शब्द वाचा. 'माहिती गोळा केली जात आहे', 'विषय विचाराधीन आहे' अशी वाक्यं आश्वासन म्हणून धरली जातात आणि ती साधारण तीन महिन्यांत पूर्ण करायची असतात. त्यावर सरकारी आश्वासनांसंबंधीची समिती लक्ष ठेवते. ते वाक्य अधोरेखित करून तारखेसह खासदारांना परत द्या, पाठपुराव्याचं पत्र त्यांच्याकडून जाऊ दे. बहुतेक संस्था इथेच हात सोडतात. चिकाटी लागते: मधु दंडवते १९७१ पासून राजापूरचे खासदार होते, त्यांनी कोकण रेल्वे लावून धरली. पूर्ण मार्गावर गाडी धावायला १९९८ साल उजाडलं.

रापणकर_सिंधुदुर्ग
फार मोलाची माहिती. तीन कागद वेगळे करतो: एलईडी, विमा, नोकऱ्या. निवेदन मराठीत चालेल ना?

दर्याराजा
निवेदन मराठीतच द्या. फक्त प्रश्नाचा मसुदा हिंदीत किंवा इंग्रजीत सोबत जोडा, कारण सूचना त्या भाषांत जाते. आणि टाइप केलेली फाइल स्वीय सहायकांना ईमेलही करा. छापील कागदावरून पुन्हा टाइप करताना तारखा आणि आकडे हमखास चुकतात.