अंगठा घेण्याआधीचा पाऊण तास
ऑनलाइन जीसीपी कोर्स (माणसांवरच्या औषध-चाचण्या, म्हणजे क्लिनिकल ट्रायल, नीट कशा करायच्या याचं प्रशिक्षण) म्हणजे नुसतं क्लिक करत जायचं आणि प्रमाणपत्र छापायचं, असं काही जण म्हणतात. निम्मं पटतं. पण चाचणीतल्या सहभागीला लिहिता-वाचता येत नसेल तर संमतीच्या पूर्ण प्रक्रियेत निःपक्षपाती साक्षीदार हजर हवा आणि त्याची सही हवी, हा भारताच्या 2019 च्या क्लिनिकल ट्रायल नियमांतला मुद्दा मला त्या कोर्समुळेच पक्का कळला.

कमी पडतं ते पुढे. मी ट्रायल कोऑर्डिनेटर आहे, चाचणीचं रोजचं काम माझ्याकडे असतं. एका आजींनी मी संमतीपत्र वाचून दाखवायच्या आधीच अंगठा पुढे केला. "डॉक्टर सांगतील ते खरं, बाळा." शाईचं पॅड बाजूला सारून मी विचारलं, "आजी, मधेच सोडावंसं वाटलं तर?" "मग इथली औषधं बंद करतील ना?" हीच भीती मनात होती! साक्षीदार समोर होता, कागद नियमानुसार झाला असता. ती भीती घालवायला पाऊण तास लागला. मुलाशी बोलून त्या दुसऱ्या दिवशी आल्या, तेव्हा अंगठा घेतला. बहुपर्यायी प्रश्नांत हे कुठून येणार? कोर्स झाल्यावर नव्या माणसाला निदान दोन-तीन संमती प्रक्रिया शेजारी बसून बघू द्या, आणि "काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा" हे मराठीतून विचारायला शिकवा.