होल्डिंग पॉन्डला पंप हाऊस जोडायचं आहे: पंपांची क्षमता, गाळ, खारफुटीची परवानगी. कोणतं आधी?

निचरा_वाशी

नवी मुंबईतल्या खाडीलगतच्या एका नोडचा (उपनगराचा) प्रस्ताव तपासायला आला आहे. पाणलोट १२० हेक्टर, जवळजवळ सगळा बांधलेला. पाणी ८ हेक्टरच्या होल्डिंग पॉन्डमध्ये, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या तळ्यात, येतं आणि तिथून फ्लॅप गेटमधून खाडीत जातं (भरतीला आपोआप मिटणाऱ्या, ओहोटीला उघडणाऱ्या झडपा). पॉन्डमध्ये गाळ आहे, एका कडेला खारफुटी वाढली आहे. उधाण आणि जोराचा पाऊस एकत्र आला की सखल रस्त्यावर गुडघाभर पाणी.

सल्लागाराने तासाला ५० मिमी पाऊस आणि ०.८ अपवाह गुणांक (पावसातला वाहून येणारा वाटा) धरून १३.३ घनमीटर प्रतिसेकंद काढले आणि तेवढ्याच क्षमतेचं पंप हाऊस सुचवलं आहे. अहवालातल्या पातळ्या: उधाणाची भरती ४.८ मी., सर्वांत सखल रस्ता ३.१ मी., गेटचा उंबरा ०.८ मी. म्हणजे रस्ता भरतीच्या १.७ मीटर खाली, म्हणून पंपांशिवाय पर्याय नाही, असा त्यांचा निष्कर्ष. पंपाचा हेड, म्हणजे घर्षणासह पाणी चढवायची उंची, ५ मीटर धरला आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एवढे पंप खरंच लागतात का? गाळ आणि खारफुटीचं काम पंप हाऊसच्या आधी करावं की बरोबरीने? आणि निविदेत कोणत्या अटी नसल्या तर पुढे हमखास अडतं? ऑक्टोबर चालू आहे, वरून दबाव पुढच्या पावसाळ्याआधी काम उरकण्याचा आहे.

खाडीमाप

पंपांकडे नंतर येऊ, आधी पातळ्या बघा. ४.८ हा आकडा भरतीच्या तक्त्यातला दिसतो. तो चार्ट डेटमवरून, म्हणजे सागरी नकाशाच्या खालच्या ओहोटीजवळच्या शून्यावरून, मोजलेला असतो. रस्त्याची ३.१ आणि उंबऱ्याची ०.८ ही पातळी सर्वेक्षणाच्या बेंचमार्कवरून, म्हणजे सरासरी समुद्रपातळीवरून आलेली असणार. मुंबईत या दोन शून्यांमध्ये साधारण अडीच मीटरचा फरक आहे. तक्त्यातलं ४.८ म्हणजे सर्वेक्षणाच्या भाषेत सुमारे २.३. तुमचा रस्ता भरतीच्या खाली नाही, ०.८ मीटर वर आहे.

मग रस्त्यावर पाणी का येतं? कारण पाणी रस्त्यापासून पॉन्डपर्यंत वाहायला उतार लागतो. नाला सव्वा किलोमीटर लांब असेल आणि भरून वाहताना पाण्याचा उतार १५०० ला १ असेल, तर रस्त्यापाशी पाणी पॉन्डपेक्षा ८०-८५ सेंमी वर उभं राहतं. त्यावर ३० सेंमी मोकळीक ठेवा. म्हणजे पॉन्डची पातळी २.० च्या वर जाऊ द्यायची नाही. हा तुमच्या प्रकल्पाचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा, आणि तो अहवालात नाही.

अडीच मीटरची ही चूक पंपातही शिरली आहे. खाडी २.३, त्यात वादळी फुगवट्याचे ०.३, त्यातून उंबऱ्याचे ०.८ वजा, वर घर्षण वगैरे धरून एक मीटर: हेड तीनच्या आत येतो. ५ मीटरसाठी निवडलेला अ‍ॅक्सियल पंप (पंख्यासारख्या पात्यांचा, कमी उंचीवर जास्त पाणी टाकणारा) ३ मीटरवर चालवला की कार्यबिंदू पंपाच्या हेड-प्रवाह वक्राच्या टोकाला सरकतो, कार्यक्षमता पडते, कॅव्हिटेशन (पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं) आणि कंपनं सुरू होतात. बेअरिंग खराब झालं की दोष पंपवाल्यावर जातो, पण मूळ चूक पातळीच्या रकान्यात असते.

आणखी एक. तक्ता अपोलो बंदरचा असेल तर तो ठाणे खाडीच्या आतल्या टोकाला जसाच्या तसा लागू होत नाही. भरती तिथे उशिरा पोचते, उंचीही वेगळी असते. गेटच्या खाडीकडच्या बाजूला रडार लेव्हल सेन्सर बसवा आणि किमान एक पूर्ण चांद्रमास नोंद घ्या, म्हणजे दोन उधाणं आणि दोन भांगाच्या भरत्या मिळतील. दाबावर चालणारा सेन्सर तिथे नको, आठवड्याभरात चिखलात बुजतो.

जलसाठा_ठाणे

वरच्या दुरुस्तीनंतर पंपांचं गणित असं.

पॉन्ड असताना पावसाच्या शिखर प्रवाहाएवढे पंप लावणं म्हणजे पॉन्ड नाहीच असं धरणं. गेट बंद असेपर्यंत जे पाणी येतं त्यातलं पॉन्डमध्ये मावत नाही तेवढंच उपसायचं असतं. पॉन्डमधलं पाणी उंबऱ्याच्या पातळीला असताना उधाणाला गेट साधारण पाच तास बंद राहील. पॉन्ड भरत गेला तर ते लवकर उघडेल, पण हिशेबाला पाचच धरा. या पाच तासांत १५० मिमी पाऊस झाला तर १२० हेक्टरवरून ०.८ गुणांकाने १,४४,००० घनमीटर पाणी येतं. पॉन्डची उपयुक्त खोली उंबऱ्यापासून २.० पर्यंत, म्हणजे १.२ मीटर. ८ हेक्टरला ९६,००० घनमीटर. उरलेलं ४८,००० पाच तासांत काढायला सरासरी २.७ घनमीटर प्रतिसेकंद पुरतात. एक घनमीटरचे चार पंप आणि एक राखीव. कुठे १३.३ आणि कुठे ४!

अर्थात सरासरीवर थांबू नका. पाऊस पाच तास सारखा पडत नाही. १५ मिनिटांच्या टप्प्यांनी आवक, साठा, गेट आणि पंप एकत्र मांडा. शिखर गेट बंद होण्याच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी, असे तिन्ही प्रकार चालवून बघा. शेवटी आलेलं शिखर सगळ्यात वाईट, तेव्हा पॉन्ड आधीच भरलेला असतो.

आता गाळ. उंबऱ्याच्या वर सगळीकडे ६० सेंमी गाळ साचला असेल तर साठा निम्मा होतो आणि पंपांची गरज २.७ वरून ५.३ वर जाते. म्हणून गाळ आणि पंप हे दोन प्रस्ताव नव्हेत, एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत. पण उंबऱ्याच्या खालचा गाळ काढून पूर कमी होत नाही, तिथे पाणी कायम उभंच असतं. कंत्राटदाराला खोल खणणं परवडतं, कारण एका जागी मशीन उभं करून जास्त घनमीटर निघतात. तुम्हाला उथळ आणि पसरट काम हवं आहे. नकाशावर पातळीच्या रेषा काढा आणि फक्त ०.८ ते २.० मधल्या गाळाचं परिमाण निविदेत घाला. गेटकडे जाणारा चर तेवढा खोल ठेवा.

मोजणी ट्रकच्या फेऱ्यांवर करू नका. ओल्या गाळात निम्म्याहून जास्त पाणीच असू शकतं. कामाआधी आणि नंतर १० मीटरच्या चौकडीवर संयुक्त पातळ्या घ्या, मोजमाप पुस्तिकेत त्याच चढवा, वजनकाट्याच्या पावत्या पडताळणीपुरत्या.

झडप_दुरुस्ती

सगळे पंपांवर बोलत आहेत, मी म्हणेन आधी गेट तपासा. खर्च जवळजवळ शून्य.

पाऊस नसलेला उधाणाचा दिवस निवडा. गेट बंद झाल्यापासून उघडेपर्यंत दर १५ मिनिटांनी पॉन्डची पातळी लिहा. ८ हेक्टरच्या पॉन्डमध्ये पाच तासांत ५ सेंमी वाढ म्हणजे ४,००० घनमीटर, म्हणजे सेकंदाला २२० लिटर. त्यातून नाल्यांचा कोरड्या दिवसांतला प्रवाह वजा करा, नाहीतर सांडपाण्यालाच गळती समजाल. उरलेली गळती खाडीची. पंप बसवल्यावर तेच पाणी वीज जाळून परत खाडीत टाकत बसाल.

मग ओहोटीला खाली उतरून एकेक झडप बघा. कडेला अडकलेली काठी, नारळ, थर्माकोल, गादीचा तुकडा: बोटभर फट पुरते. ती नसेल तर बिजागरीची पिन झिजून झडप खाली बसलेली असते, किंवा रबर सील कडक होऊन चिरलेलं असतं, किंवा चौकटीमागचं काँक्रीट फुटलेलं असतं. हे शेवटचं सगळ्यात वाईट, कारण झडप नवी घातली तरी पाणी चौकटीच्या मागून येतं. पिना ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसच्या घ्या, पण बिडाच्या झडपेला स्टेनलेस थेट भिडू देऊ नका, खाऱ्या पाण्यात बीड खाल्लं जातं. मधे नायलॉनचं बुश आणि झडपेवर झिंक अ‍ॅनोड. प्रत्येक गाळ्याला (झडपेच्या कप्प्याला) दोन्ही बाजूंनी स्टॉप लॉगच्या, म्हणजे पाणी अडवायला सरकवायच्या फळ्यांच्या, खाचा हव्यातच, त्या नसतील तर एका झडपेसाठी सगळा पॉन्ड अडवावा लागतो.

पॉन्डमधली खारफुटी वाढते तीही खारं पाणी आणि त्याबरोबर बिया आत येत राहिल्यामुळे.

सीआरझेड_फाईल

तुमच्या वेळापत्रकाचा खरा अडसर इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

२०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे खारफुटी सीआरझेड-१अ या सर्वांत संवेदनशील वर्गात येते. सरकारी जमिनीवर ती १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही त्यातच. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर सार्वजनिक हिताच्या कामासाठीसुद्धा खारफुटी तोडायची तर न्यायालयाची परवानगी लागते. शिवाय ती जमीन वन म्हणून अधिसूचित असेल तर वन संवर्धन कायद्याखालचा प्रस्ताव वेगळा. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, २०२२ पासून खाडी रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, त्यामुळे खाडीकडच्या कामाला वन्यजीव विभागाचं मत घेणं क्रमप्राप्त.

क्रम असा ठेवा. आधी वन विभागाच्या कांदळवन (खारफुटी) कक्षाबरोबर संयुक्त पाहणी, झाडांची मोजणी आणि सही झालेला नकाशा. त्यावर पंप हाऊसची जागा बसवून बघा. पुष्कळदा ती बांधावर त्या ५० मीटरच्या पट्ट्यात दाखवलेली असते आणि पन्नास-साठ मीटर सरकवली की एक परवानगीच गळून पडते. मग महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे प्रस्ताव. न्यायालयात जाताना ‘पर्याय का नाही’ याचं उत्तर आकड्यांनी द्यावं लागतं, आणि वर जलसाठा यांनी मांडलेलं गणित नेमकं तिथे उपयोगी पडतं. नुकसानभरपाईची लागवड बाधित क्षेत्राच्या किमान तिप्पट, तिची जागा प्रस्तावातच दाखवा.

माझं स्पष्ट मत: काम दोन भागांत तोडा. खारफुटी नसलेला मोकळा भाग आणि चर एका निविदेत, खारफुटीचा भाग दुसऱ्यात. एकत्र ठेवलंत तर एका कोपऱ्यातल्या झाडांपायी आठही हेक्टर अडून राहतील. झाडांना हात न लावता किती साठा मिळतो तेही मोजा. पुरेसा मिळत असेल तर खारफुटी राहू द्या, ती तुमच्या बांधाची धूप थांबवते.

निचरा_वाशी

सर्वांचे आभार. डेटमची शंका सल्लागाराला कळवली, ४.८ तक्त्यातूनच घेतल्याचं त्यांनी मान्य केलं. आता निविदेच्या अटींबद्दल कोणी सांगेल का? जमीन मऊ आहे, बोअरमध्ये वरचा सगळा थर खाडीचा चिखल.

पंपहाऊस_स्थापत्य

चिखल असेल तर पंप हाऊस पाइलवर (खोल रोवलेल्या खांबांवर) जाणार आणि त्याला जोडणारा चॅनेल बहुधा जमिनीवर. पाइलवरचं जागेवर राहतं, चॅनेल खचत जातो आणि जोडावर तडा पडून माती आत येते. तिथे वॉटरस्टॉपसह (सांध्यातून पाणी अडवणाऱ्या पट्टीसह) लवचिक सांधा दाखवा, किंवा चॅनेलचा पहिला तुकडाही पाइलवर घ्या. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातलं काँक्रीट काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकानुसार ‘एक्स्ट्रीम’ (सर्वांत कठोर) वर्गात धरा: किमान एम ४० ग्रेड, सळ्यांवरचं कव्हर ७५ मिमी, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४० पेक्षा जास्त नाही. स्लॅगयुक्त सिमेंट घ्या.

वीज: एक घनमीटर, तीन मीटर हेड, ७५ टक्के कार्यक्षमता म्हणजे ३९ किलोवॅट, मोटर ५५ ची. चार चालले की २२० किलोवॅट, म्हणजे उच्चदाब जोडणी. महावितरणचा अर्ज कार्यादेशाची वाट न बघता करा. जनरेटर तीन पंप चालू असताना चौथा सुरू होईल असा निवडा, सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण) धरून. पॅनेल, ट्रान्सफॉर्मर, डिझेल टाकी हे सगळं पुराच्या पातळीच्या वर, पहिल्या मजल्यावर गेलं तरी चालेल. अ‍ॅक्सियल पंप बंद व्हॉल्व्हवर सुरू करायचा नसतो, त्या वेळी तो सर्वाधिक वीज ओढतो. ऑपरेटरच्या सूचनाफलकावर हे मराठीत लिहून लावा.

पंपाआधीची जाळी यांत्रिक साफसफाईची, गजांमध्ये ५० ते ७५ मिमी अंतर. हाताने साफ करायच्या जाळीवर पहिल्या मोठ्या पावसात प्लास्टिकची भिंत तयार होते, संपची (पंपाखालच्या टाकीची) पातळी पडते, भोवरा होऊन पंप हवा ओढतो. जाळीच्या दोन्ही बाजूंना लेव्हल सेन्सर लावा, २० सेंमी फरक पडला की जाळी साफ करणारं यंत्र आपोआप चालू झालं पाहिजे.

समुद्रपातळीसाठी: २००६ ते २०१८ दरम्यान जागतिक सरासरी वाढ वर्षाला सुमारे ३.७ मिमी होती आणि वेग वाढतो आहे. पंप १५-२० वर्षांत बदलालच, पण स्थापत्य ५० वर्षांचं. म्हणून पंप आज चार आणि एक राखीव, पंपांचे गाळे मात्र सहा बांधा, आणि बांधाचा पाया आणखी अर्धा मीटर उंची पेलेल असा ठेवा.

निविदेतल्या अटींत मी या सोडणार नाही. स्थापत्य, यांत्रिक आणि पाच वर्षांचं परिचालन एकाच कंत्राटात, नाहीतर संपच्या आकारावरून दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. पंपांची कारखान्यातली चाचणी आपल्या अभियंत्यासमोर. पूर्णत्वाचा दाखला कोरड्या चाचणीवर नाही, पहिल्या पावसाळ्यात उधाणाला चारही पंप सलग चालवल्यावर, आणि रोखलेली रक्कम तोवर हातात. परिचालनाचा दंड जून ते सप्टेंबरच्या उपलब्धतेशी बांधलेला. आणि नाल्यात घातलेला तात्पुरता बांध १५ मेपर्यंत पूर्ण काढून, तळाची पातळी घेऊन दाखवणं, त्याला वेगळी रक्कम. अर्धवट काढलेला बांध पाण्याखाली दिसत नाही आणि तोच जूनमध्ये नाला तुंबवतो.

येत्या पावसाळ्याआधी पंप हाऊस होणार नाही, हे वरिष्ठांना आताच लेखी सांगा. मेअखेरपर्यंत होण्यासारखं: झडपांची दुरुस्ती, स्टॉप लॉग, मोकळ्या भागातला ०.८ च्या वरचा गाळ, सेन्सर, आणि दोन-तीन भाड्याचे डिझेल पंप. भाड्याच्या पंपांची निविदा मार्चमध्ये काढा, मे महिन्यात सगळ्या पालिकांना तेच पंप हवे असतात.