पोरांचे खाण्याचे नखरे: तुम्हाला कधी आणि कसं कळलं?

कुळागरवाली:
काल रात्री लेक बारावीची पुस्तकं टाकून स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला टेकून बांगड्याचं डोकं चोखत उभा राहिला. मी बघतच राहिले. साडेतीन वर्षांचा असताना हाच पोरगा भाताला हुमणाचा, म्हणजे माशाच्या आमटीचा, थेंब लागला तरी ताट ढकलायचा! तेव्हा त्याचं जेवण म्हणजे उकड्या तांदळाची पेज, केळं आणि उंड्याचा, म्हणजे आमच्याकडच्या गोल पावाचा, आतला मऊ भाग. वरचं कवच मी खायचे, त्या वर्षी माझंच वजन वाढलं. सासूबाईंनी दिष्ट काढली, नणंद म्हणाली लाडावलाय, नवरा म्हणाला भूक लागली की खाईल. शेवटी फोंड्याच्या एका डॉक्टरबाईंनी एक वही करायला सांगितली. तो काय टाकतो ते लिहू नका, तोंडात काय-काय जातं तेवढंच आठ दिवस लिहा, म्हणाल्या. लिहिलं तेव्हा कळलं, दूधच जवळजवळ लिटरभर जात होतं. "हा उपाशी कुठाय? दुधाने भरलाय," बाई म्हणाल्या. रक्त तपासलं तर लोह कमी. नुसत्या दुधावर राहणाऱ्या पोरांत असं होतं, आणि लोह कमी झालं की भूक आणखी मरते. औषध सुरू केलं, दूध अर्ध्या लिटरच्या आत आणलं. तीनेक आठवड्यांनी साहेबांनी स्वतःहून भात मागितला.
तुमचं सांगा. गॅसवर तोणाक (वाटपाची रस्साभाजी) आहे, येतेच.

म्हापसेकरीण:
आमच्याकडे पांढरं पर्व. भात, दही, इडली, खोबरं. हळद दिसली की संपलं. सोलकडी गुलाबी म्हणून नापास. बस आली, नंतर लिहिते.

हुमणराव:
वय ४१. भेंडी खात नाही. माझं निदान करा कोणीतरी.

कुळागरवाली:
@हुमणराव तुमच्या बायकोला वही द्या.

निवृत्त बालवाडीताई:
२६ वर्षं पोरांचे डबे उघडले, तेव्हा थोडं बोलते. आया येऊन सांगायच्या, "पहिल्या वर्षी सगळं खायचा हो, आता काय झालं?" झालेलं काहीच नसतं. पहिल्या वर्षात वजन तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते. त्यात दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थाची भीती वाटतेच. एकच भाजी दहा-पंधरा वेळा ताटात यावी लागते, तेव्हा कुठे बोट लावतात. आपण तिसऱ्या वेळी "याला आवडत नाही" म्हणून शिक्का मारून मोकळे!
घरी न जेवणारी कित्येक पोरं आमच्याकडे रांगेत बसून दुसऱ्याच्या डब्यातली उसळ खायची. त्यांची काळजी मी कधी केली नाही. काळजी कोणाची? ज्याचे पदार्थ एकेक करून गळत जातात आणि नवीन एकही येत नाही त्याची. बारीकशा गुठळीलाही ज्याला उमासे येतात त्याची. दुसरी मुलं खातात त्या खोलीत बसायलाच जो घाबरतो त्याची. कार्डावरची वजनाची रेघ महिनोन्‌महिने आडवी गेली तर मग घरच्यांची मतं ऐकत बसू नका.

पेडण्याचा आजोबा:
आमच्या वेळी पेज आणि खारं सुकट. नखरे करायला दुसरं होतं काय?

हुमणराव:
आजोबा, तुमच्या वेळी वहीसुद्धा नव्हती, कोण खात नाही ते कळणार कसं?

पेडण्याचा आजोबा:
तेही खरं. आमचा धाकटा भाऊ चुलीजवळची माती खायचा आणि आवयच्या हातचा मार खायचा.

कुळागरवाली:
आजोबा, मातीमागेही कधीकधी लोहच कमी असतं. बिचारा.

पर्वरीची आई:
ताईंनी उमाशांचं लिहिलंय ते वाचून हात थांबला. माझी लेक सातव्या महिन्यात झाली, पहिले कितीतरी दिवस नळीने दूध. पुढे घट्ट काहीही दिलं की ओकारी. सगळे म्हणाले नाटकं. मीही दोनदा फटका दिलाय, ते अजून डोक्यातून जात नाही. चार वर्षांची झाली तेव्हा खाण्याचे पदार्थ नऊ, त्यातही बिस्किट अख्खं हवं, तुटकं चालत नाही. वजन घटायला लागलं. मग थेरपिस्टकडे कळलं, चावायला आणि जीभ फिरवायला शिकलीच नव्हती, आणि वर भीती बसलेली. याच्या टोकाच्या प्रकाराला अरफिड म्हणतात, २०१३ पासून अमेरिकेतल्या मनोविकारांच्या निदान-पुस्तिकेत ते नाव आहे. आमच्या लेकीवर तो शिक्का बसला नाही, पण नाव वाचून मला रडू आलं. म्हणजे मी वेडी नव्हते. आता २३ पदार्थ. परवा मुडदुशी मासळी खाल्ली, नखाएवढी.

निवृत्त बालवाडीताई:
बाय, फटक्याचं सोड आता. नखाएवढी म्हणजे खाल्लीच.

बेतीकर:
मुडदुशीचा भाव विचारलात का कोणी? १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, ते समजू शकतो, बंदी उठल्यावरही तेच? लहानांना लेपो द्या, काटा एका ओढीत निघतो.

म्हापसेकरीण:
पोचले घरी. @बेतीकर लेपो तळून पांढरा राहतो का? प्रश्न गंभीर आहे.

बेतीकर:
रव्याशिवाय, हळदीशिवाय, नुसतं मीठ लावून. तुमच्या पर्वात बसेल.

डिचोलीवाली:
सगळं वाचलं नाही, झाडू हातात आहे. आमचा पोरगा पोई (कोंड्याचा पाव) खायचा नाही. एक दिवस पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंप वाजला आणि आजोबांनी पैसे त्याच्याच हातात दिले. स्वतः घेतलेली पोई रस्त्यातच अर्धी संपली. आता बांगडाही त्यालाच आणायला पाठवावा म्हणते, पण वय चार.

हुमणराव:
म्हणजे भेंडी मी स्वतः आणायला हवी. नको.

पर्वरीची आई:
@कुळागरवाली तोणाक कसलं होतं? मसाला भाजून?

कुळागरवाली:
अळसांद्यांचं, खोबरं भाजून. तुमच्या नादात खाली लागलं. वरचंवरचं काढून वाढलं. सासूबाईंना कळलं नाही, नवऱ्याला कळलं नाही. बांगडेवाल्याने पहिल्याच घासाला विचारलं, "आई, करपलं काय?"